वर्षभराच्या मुदतीचा जावई

मागच्या आठवड्यात एका मैत्रिणीनं विचारलं, "तू ऑफिसात दिवसभर व्हिसाचे कागदच लावत बसतेस ना गं? बोअर नाही होत?" मी म्हटलं, बैस, चहा सांग. मग मी जी सुरू झाले ती थांबेचना. शेवटी तिचा नवरा तिला शोधत हॉटेलात आला! एक किस्सा सांगायला घेतला की त्याच्या मागून दुसरा येऊन उभा राहतो, त्याला मी तरी काय करणार?

आमचं ऑफिस इंदिरानगरात, एका बेकरीच्या वरच्या मजल्यावर. नोकरी-शिक्षणासाठी बंगळुरूत राहायला आलेल्या परदेशी मंडळींची कामं आम्ही करून देतो. व्हिसाची मुदत वाढवणं, पोलिसांकडची नोंदणी, बँकेत खातं उघडणं, घरून आलेले पैसे मध्येच कुठे अडकले तर ते सोडवणं, असलं सगळं. मी मूळची पुण्याची, लग्न करून इकडे आले. मालक रावअण्णा मात्र अस्सल इथले. त्यांचं घराणं कित्येक पिढ्यांपूर्वी या बाजूला येऊन स्थायिक झालं. त्यामुळे त्यांची मराठी 'अय्यो'नं सुरू होते आणि 'सरी'वर, म्हणजे आपल्या 'बरं'वर, संपते.

मी रुजू झाले त्या दिवशी त्यांनी एकच नियम सांगितला होता. "हे बघ पोरी, आपल्याकडे येणारा माणूस भ्यालेला असतो. त्याला आधी कॉफी दे. कागद मग माग, सरी?"

*

तोमास पहिल्यांदा आला तेव्हा असाच भ्यालेला होता. हा चेक देशातला इंजिनियर. यशवंतपूरच्या एका कारखान्यात त्यांच्या कंपनीची मशिनं बसवायला आला होता. सव्वासहा फूट उंची, निळे डोळे आणि स्वभावानं अगदी गरीब गाय. व्हिसा वर्षभराचा. नोंदणीसाठी फोटो हवा होता, म्हणून आम्ही त्याला खालच्या गल्लीतल्या स्टुडिओत पाठवलं.

तासाभरानं तो फोटो घेऊन आला. रावअण्णांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. "हा कोण? तुझा धाकटा भाऊ काय?"

फोटोवाल्यानं तोमासला कोट चढवला होता, टाय बांधला होता. भुवईवरचा लहानपणीचा व्रण पुसून टाकला होता आणि बसकं नाक थोडं सरळही केलं होतं! पासपोर्टातल्या तोमासचा आणि याचा काही संबंधच उरला नव्हता.

मी तणतणत खाली गेले. फोटोवाला उलट माझ्यावरच नाराज. "मॅडम, आपल्या मुलांना लग्नाच्या फोटोत एवढं करून देतो. हा तर पाहुणा आहे. त्याला कमी कसं करणार?"

दुसरा फोटो नाक-व्रणासकट निघाला. पण पहिला तोमासनं आईला पाठवला. आईचं उत्तर आलं, "भारताची हवा तुला मानवलेली दिसते."

*

आईवरून आठवलं. जोसेफ नावाचा केनियाचा एक मुलगा इथे फार्मसी शिकतो. त्याची आई त्याला दर महिन्याला खर्चाला पैसे पाठवते. पैसे पाठवताना शेरा लिहायला एक जागा असते. तिथे लोक 'फी' नाहीतर 'घरखर्च' असं काहीतरी लिहितात. ही माउली तिथे पत्र लिहायची! नीट जेव, दाढी कर, रविवारी चर्चला जा, त्या मुलाच्या मोटरसायकलवर बसू नको.

पैसे अडकायचे. मग बँकेच्या शैलजाक्का मला फोन करायच्या. परदेशातून येणाऱ्या पैशांचं काम त्यांच्या टेबलावर असतं. "अगं, त्या आईला सांग, शेरा स्वल्प लहान लिही म्हणावं. 'मुलाचा खर्च', एवढंच पुरे." मी बरं म्हणायचे. फोन ठेवता ठेवता त्याच विचारायच्या, "आणि दाढी केली का गं त्यानं?"

एका महिन्यात पैसे आले आणि शेऱ्याची जागा कोरी. खरं म्हणजे काम सोपं झालं होतं! पण शैलजाक्कांचा फोन आलाच. "आई बरी आहे ना गं त्याची? काहीच लिहिलं नाही तिनं."

चौकशी केली तर आई रुसली होती. चिरंजीवांनी परीक्षेच्या नावाखाली बरेच दिवस घरी फोनच केला नव्हता. शैलजाक्कांनी त्याला थेट बँकेत बोलावून घेतलं आणि समोरच्या खुर्चीवर बसवलं. "आईला फोन लाव. इथंच. माझ्यासमोर. पैसे कुठं पळून जात नाहीत!"

जोसेफ फोनवर बोलता बोलता रडायला लागला. शैलजाक्का मागे रांगेत उभ्या असलेल्या लोकांना म्हणाल्या, "पुढच्या काउंटरला जा. इथं वेळ लागेल."

*

हायाशीसान नावाच्या जपानी गृहस्थांची गोष्ट वेगळीच. त्यांचे चेक सहीवरून बँकेतून परत आले. माझी खात्री होती, सही जुळत नसणार. छे! सही फारच जुळत होती. सगळ्या सह्या इतक्या हुबेहूब एकसारख्या, की बँकेला वाटलं, कुणीतरी शिक्का करून घेतलाय.

आम्ही तिघं बँकेत गेलो. हायाशीसान बाह्या सारून बसले, श्वास घेतला आणि अधिकाऱ्यांच्या डोळ्यांदेखत पानभर सह्या केल्या. एकीतही केसाचा फरक नाही! अधिकारी उठून उभे राहिले आणि त्यांनी हात मिळवला. मग हा माणूस हाच, याला साक्षीदार म्हणून रावअण्णांनी खाली सही केली.

ती जुळेना! रावअण्णांचं त्या बँकेत त्यांच्या लग्नाआधीपासूनचं खातं आहे. हायाशीसानांनी अगदी अदबीनं वाकून त्यांना विचारलं, "मी शिकवू का?"

*

परत तोमासकडे येते, कारण या सगळ्यात मला लळा लागला तो त्याचाच.

तो कारखान्यात आला तेव्हा त्याच्याकडे इथलं सिमकार्ड नव्हतं. म्हणून बँकेत खातं उघडताना त्यानं भाबडेपणानं कारखान्याच्या एचआरमधल्या पुष्पा मॅडमचा नंबर दिला. म्हणजे काय झालं? त्यानं कुठेही पैसे भरले की ओटीपी यायचा पुष्पा मॅडमच्या फोनवर. हा धावत त्यांच्या टेबलाशी जायचा, त्या चष्मा शोधून आकडे वाचून दाखवायच्या. तोमासनं आईला पैसे पाठवले, तोमासनं बूट घेतले, तोमासनं परत बूट घेतले, सगळं एचआरला माहीत. मी नंबर बदलून घे म्हणून मागे लागले होते. तो म्हणायचा, "नको, पुष्पा मॅडमना बरं वाटतं."

एके दिवशी दुपारी ओटीपी आला तो जयनगरच्या एका सोन्याच्या दुकानाचा. पुष्पा मॅडमनी आकडे वाचून दाखवले, आणि तो पाठमोरा होताच पुढचं सगळं कारखान्याला वाचून दाखवलं! मुलगी कोण, हे कुणाला विचारायची गरजच नव्हती. अकाउंट्समधली वैदेही. दोघं रोज एका डब्यात जेवायचे.

संध्याकाळी तोमास अंगठी खिशात घालून, मनात वाक्यं जुळवत गेटपाशी उभा राहिला. वैदेही आली ती हातात हार आणि पेढ्यांचा पुडा घेऊन. वॉचमनपासून कँटीनवाल्यापर्यंत सगळ्यांनी तिचं अभिनंदन करून झालं होतं. ती म्हणाली, "सगळ्यांना हो म्हणून सांगून आलेय. तुला काही वेगळं विचारायचं होतं का?"

*

आता वैदेहीच्या आई, सुधाक्का. राहायला बनशंकरीला. रावअण्णांच्या लांबच्या नात्यातल्या, म्हणजे त्याही जुन्या इथल्याच मराठी. नवरा लवकर गेला. शाळेत शिकवून त्यांनी एकटीनं मुलगी वाढवली. मुलीनं परदेशी मुलगा निवडल्यावर त्या आधी महिनाभर बोलल्या नाहीत. मग एक दिवस आमच्या ऑफिसात येऊन बसल्या.

"राघू, त्या मुलाचा व्हिसा की काय असतो तो दाखव." रावअण्णांना राघू म्हणणारं जगात एवढंच माणूस उरलंय.

अण्णांनी झेरॉक्स दाखवली. सुधाक्कांनी तारखा नीट वाचल्या. "वर्षभराचाच? आता जावईसुद्धा वर्षाच्या मुदतीवर मिळतात होय?"

"मुदत वाढवता येते, अक्का."

"आणि नाही वाढली तर? माझी मुलगी त्याच्या मागनं जाणार. जाणारच की. मग मी इथं कुणासाठी स्वयंपाक करायचा?"

हे त्या इतक्या साध्या आवाजात म्हणाल्या, की मला उगाचच फायली चाळाव्या लागल्या.

अण्णांनी समजावलं. कंपनीचं काम संपलं की नोकरीवरचा व्हिसा संपणार. पण लग्न झाल्यावर बायकोच्या नात्यानं लांब मुदतीचा व्हिसा मागता येतो. मग नोकरी असो-नसो, पोरगा इथंच राहील. सुधाक्का उठल्या. "सरी. मग लग्न लौकर करू."

पत्रिका सोडली, जात सोडली, जेवणावळ सोडली. तोमासला बोलावून त्या म्हणाल्या, "मी सगळं सोडलं. तू फक्त आमच्या घरचे रिवाज पाळ." तोमासनं मान डोलावली. कुठले रिवाज, हे विचारायचं त्याला सुचलंच नाही.

*

वैशाखात लग्न झालं. दोघं इंदिरानगरात भाड्याच्या फ्लॅटमध्ये राहायला आली. आम्ही लांब मुदतीच्या व्हिसाचा अर्ज भरला. सगळं कसं सुरळीत चाललं होतं.

आणि आषाढ लागला!

आता मी पुण्याची. मला आषाढ म्हणजे कडाकण्या तळायच्या, एवढंच माहीत. इकडे मात्र लग्नानंतरच्या पहिल्या आषाढात नवी नवरी महिनाभर माहेरी जाते. नवरा-बायकोनं एकत्र राहायचं नाही. जावयानं सासूच्या घरचा उंबरा ओलांडायचा नाही. सुधाक्का स्वतः येऊन वैदेहीला घेऊन गेल्या. तोमास रिक्षापर्यंत बॅग पोचवून आला आणि आमच्या ऑफिसात येऊन बसला. मी नियमाप्रमाणे आधी कॉफी दिली.

नेमक्या त्याच आठवड्यात पडताळणीला पोलीस आले. नंजप्पा नावाचे मध्यमवयीन, शांत गृहस्थ. व्हिसापुरतं खोटं लग्न करणारेही असतात, म्हणून दोघं खरंच एकत्र राहतात का, हे बघणं त्यांचं कामच. दार तोमासनं उघडलं. घरात एकटाच.

"बायको कुठे?"

तोमास खोटं बोलू शकत नाही. "तिला माझ्याबरोबर राहायची परवानगी नाही."

"कुणाची?"

"सासूबाईंची."

नंजप्पांनी लिहून घेतलं. तेवढ्यात मदतीला शेजारच्या मामी धावल्या. "फार चांगला मुलगा आहे हो! बायको गेल्यापासून एकटाच असतो. संध्याकाळी तर घरीसुद्धा थांबवत नाही त्याला, जातो कुठेतरी बाहेर." नंजप्पांनी तेही लिहून घेतलं!

रावअण्णा हातातलं काम टाकून त्यांना भेटायला गेले. नंजप्पा म्हणाले, "आषाढ मला कळतो हो, अण्णा. मीही इथलाच आहे. पण कागद पुढे ज्यांच्याकडे जातो त्यांना कसा कळणार? मी जे पाहीन आणि ऐकेन तेच लिहीन. उद्या बायकोच्या माहेरी येतो. तिचा जबाब घेतो."

अण्णांनी सुधाक्कांना फोन केला. वैदेहीला आठ दिवस परत पाठवा म्हणून किती विनवलं! सुधाक्का ऐकेनात. "आषाढ संपल्यावर या म्हणावं त्यांना." पण तोमासचा जुना व्हिसा आषाढ संपायच्या आतच संपत होता. प्रतिकूल शेरा गेला असता तर त्याला देश सोडावा लागला असता, आणि त्याच्यामागून वैदेही. मला सुधाक्कांचा राग आला, आणि वाईटही वाटलं. सगळं सोडलेल्या बाईनं एकच गोष्ट हातात धरून ठेवली होती, आणि तीच नेमकी नडत होती.

*

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आम्ही बनशंकरीला गेलो. पुढच्या खोलीत नंजप्पा, रावअण्णा, मी. समोर सुधाक्का ताठ बसलेल्या. वैदेही दारापाशी उभी, चेहरा पांढराफटक. बोलणं कन्नडमध्ये चाललं होतं, मी आपलं मराठीत सांगते.

"तुमचं लग्न मर्जीनं झालं?"

"हो," वैदेही म्हणाली.

"नवऱ्याची भेट होते?"

वैदेहीनं तोंड उघडलं, आईकडे पाहिलं आणि मिटलं.

सुधाक्काच बोलल्या. "आमच्या घरात आषाढ म्हणजे आषाढ. जावयानं या घराचा उंबरा ओलांडलेला नाही. देवावर हात ठेवून सांगते."

नंजप्पांनी मान हलवली आणि लिहायला लागले. रावअण्णांना राहवेना. ते हळू आवाजात मराठीत म्हणाले, "अक्का, हे लिहिलं की संपलं. दोघं एकमेकांना भेटतसुद्धा नाहीत, असा अर्थ होतो त्याचा. पोरगा जाणार. आणि पोरगीही जाणार."

पेनचा तेवढा आवाज येत होता. मला वाटलं, आता ही बाई काही बोलायची नाही. वैदेहीच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं.

मग सुधाक्का उठल्या. पदर खोचला, मागच्या जिन्यापाशी गेल्या आणि वर तोंड करून त्यांनी हाक मारली.

"तोमास! खाली या. कॉफी निवतेय तुमची."

वर काहीतरी धडपडलं. मग जिन्यावर दोन गोरे अनवाणी पाय दिसले, आणि त्यांच्यामागून चपला हातात घेतलेला, मान खाली घातलेला सव्वासहा फुटी जावई.

वैदेही ओरडलीच, "अम्मा, तुला माहीत होतं?"

सुधाक्कांनी तिच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. त्या नंजप्पांना म्हणाल्या, "मी खोटं बोलले नाही. उंबरा ओलांडला नाही त्यांनी. शेजारच्या गच्चीवरनं येतात. रोज."

नंजप्पांनी तोमासकडे पाहिलं, त्याच्या हातातल्या चपलांकडे पाहिलं. लिहिलेलं सगळं खोडलं. नवीन ओळ लिहून सही केली आणि कागद रावअण्णांपुढे धरला. अण्णांनी मोठ्यानं वाचलं, "पती-पत्नीचं नातं खरं आहे. मी स्वतः खात्री केली."

सुधाक्कांनी डोळ्यांना पदर लावला आणि लगेच कॉफीचे पेले पुढे केले. नंजप्पांनी पेला घेतला, तोंडाशी नेला आणि तसाच थांबवला.

"अम्मा, रोज साधारण कधी येतात हे?"

"दिवेलागणीला."

नंजप्पांनी खिडकीबाहेर पाहिलं. समोरच्या घरातले दिवे लागत होते. पेला तसाच खाली ठेवून त्यांनी हेल्मेट उचललं.

"अहो, कॉफी तरी घ्या!"

"नको अम्मा. माझीही मुलगी आषाढाला माहेरी आलीय... आणि वाळत घातलेले दोन टॉवेल आणायला रोज संध्याकाळी तासभर गच्चीवर जाते!"